सांधेदुखी शिकवणारे डॉक्टर : कोणी शेरलॉक होम्सवेडा, कोणी चित्रांचा, कोणी गावोगाव फिरणारा

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी ही या भागाची लेखी आवृत्ती. मधले 'अं… अं…' तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या भागात मी 'रूमॅटॉलॉजिस्ट' हा शब्द पाच-सहा वेळा वापरला आणि त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा : "दादा, हाडांचा डॉक्टर आणि हा, यात फरक काय?" थोडक्यात सांगतो. ऑर्थोपेडिक म्हणजे सर्जन. हाड मोडलं, गुडघा झिजला, सांधा बदलायचा, तर त्यांच्याकडे. रूमॅटॉलॉजिस्ट शस्त्रक्रिया करत नाही. आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, कधी मूत्रपिंडावर हल्ला करते, तेव्हा ती शांत कशी करायची हे त्याचं काम. आमवात, ल्युपस, गाउट, कण्याचा स्पॉन्डिलायटिस, हे सगळं त्याच्याकडे येतं. एमबीबीएस, मग एमडी, आणि त्यानंतर पुन्हा वेगळं शिक्षण. अशी लांबची वाट असल्यामुळे आपल्याकडे असे डॉक्टर कमीच.

आता आजचा विषय. या शाखेत शिकवणारी माणसं कोण होती, कुठून आली आणि त्यांना कशाचं वेड होतं? हा गॉसिपचा भाग वाटेल, पण नाहीये. या शाखेत असं एकही मशीन नाही की बटण दाबलं आणि निदान बाहेर आलं. 'आरए फॅक्टर' नावाची रक्ततपासणी तुम्ही ऐकली असेल. ती अगदी धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि खरा आमवात असलेल्या काही रुग्णांत निगेटिव्ह येते. मग निदान होतं कशावरून? रुग्णाची हकिगत नीट ऐकून, बोटं हातात घेऊन, नखं बघून, आणि तीन महिन्यांपूर्वीचं तोंड येणं आजच्या गुडघ्याशी जोडून. हे पुस्तकातून येत नाही, कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. म्हणून इथे शिकवणारा माणूस कसा आहे याला फार महत्त्व आहे.

सुरुवात माझ्या आवडत्या माणसापासून. फिलिप हेंच. जन्म १८९६, अमेरिकेतलं पिट्सबर्ग. नोकरी मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये. जन्मतःच टाळू दुभंगलेली, त्यामुळे बोलणं अस्पष्ट. असा माणूस व्याख्यान देणार कसा, असं कोणालाही वाटेल. पण हेंच यांनी आयुष्यभर शिकवलं.

१९२९ साली त्यांच्याकडे एक रुग्ण आला, स्वतः डॉक्टर असलेला. त्याला आमवात होता. तो म्हणाला, मला कावीळ झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सांध्यांचं दुखणं कमी झालं. आपल्यापैकी कोणीही "योगायोग असेल" म्हणून पुढे गेलं असतं. हेंच थांबले. त्यांनी असे आणखी रुग्ण शोधायला सुरुवात केली. मग लक्षात आलं की गरोदरपणातही आमवात असलेल्या बऱ्याच बायकांचं दुखणं उतरतं आणि बाळंतपणानंतर परत येतं. याचा अर्थ काविळीत आणि गरोदरपणात शरीरात असं काहीतरी तयार होत असणार जे हा आजार दाबतं. त्या अज्ञात वस्तूला त्यांनी 'सबस्टन्स एक्स' म्हटलं आणि जवळपास वीस वर्षं तिचा माग काढला. रुग्णांना पित्त देऊन पाहिलं, यकृताचे अर्क देऊन पाहिले, कावीळ झालेल्या माणसाचं रक्तसुद्धा चढवून पाहिलं. काही जमलं नाही.

गंमत म्हणजे उत्तर त्यांच्याच संस्थेत होतं. एडवर्ड केंडल नावाचे रसायनशास्त्रज्ञ मेयो क्लिनिकमध्येच मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून एकेक संयुग वेगळं करत होते आणि त्यांना ए, बी, ई अशी अक्षरं देत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये, सांधे आखडून गेलेल्या २९ वर्षांच्या एका तरुणीला 'कंपाउंड ई'चं इंजेक्शन दिलं. अंथरुणात कूस बदलणं जिला जड जात होतं ती आठवडाभरात चालत बाजारात जाऊन आली. हेच ते कॉर्टिसोन, म्हणजे आज आपण ज्याला सरसकट 'स्टेरॉइड' म्हणतो त्या औषधांचं पहिलं पान. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे तादेउश राइखश्टाइन या तिघांना नोबेल मिळालं. अवघ्या दोन वर्षांत! चेहरा सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, हे दुष्परिणाम पुढे येऊ लागले आणि हेंच यांनी स्वतः सावधपणा सांगितला. आपल्याकडे आजही गावोगाव 'वाताची पुडी' म्हणून काहीही मिसळलेलं स्टेरॉइड विकलं जातं. त्यावर एक अख्खा भाग करायचाय, तो राहू दे.

तर आवड. हेंच यांना शेरलॉक होम्सचं प्रचंड वेड होतं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने जमवलेला कॉनन डॉयलच्या पुस्तकांचा संग्रह आज मिनेसोटा विद्यापीठात आहे. आणि दुसरं वेड पीतज्वराच्या इतिहासाचं. हा ताप डासामुळे पसरतो हे १९०० साली वॉल्टर रीड यांच्या चमूने क्यूबात सिद्ध केलं. हेंच यांनी त्या प्रयोगात असलेल्या माणसांना गाठून पत्रं, फोटो, आठवणी गोळा केल्या आणि प्रयोगाचा कॅम्प नेमका कुठे होता ती जागासुद्धा शोधली. तो सगळा ठेवा आता व्हर्जिनिया विद्यापीठात आहे. सांध्याच्या डॉक्टरला डासाच्या इतिहासाशी काय देणंघेणं? पण बघा ना, दोन्हीकडे काम एकच. कोणी तरी सहज बोलून गेलेलं वाक्य धरायचं आणि वर्षानुवर्षं सोडायचं नाही. आणि एक बारीकशी गोष्ट : कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर होता आणि त्याने होम्स रचला तो एडिनबर्गच्या वैद्यकीय महाविद्यालयातले आपले शिक्षक जोसेफ बेल यांच्यावरून. म्हणजे होम्सचं मूळच मुळात एका वैद्यकशिक्षकात आहे.

बरं, आता गाउट. इथे मी थोडा तापणार आहे, सांगून ठेवतो.

आपल्याकडे कुठेही दुखलं की पहिली तपासणी 'युरिक ॲसिड'. आकडा जरा वर आला की डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. माझ्या मावसबहिणीचंच सांगतो. वय २६. सकाळी उठल्यावर बोटं वळायची नाहीत, स्कूटीचं ब्रेक दाबता यायचं नाही, तास-दीड तास असाच जायचा. रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड किंचित जास्त आलं आणि दीड वर्ष ती गाउटची गोळी खात राहिली. बिचारीने आमटीसुद्धा सोडली. शेवटी एका रूमॅटॉलॉजिस्टने तिचे दोन्ही तळहात हातात घेतले, बोटांच्या मुळाशी हलकेच दाबलं, ती कळवळली, आणि त्यांनी सांगितलं की हा आमवात आहे. तोवर उजव्या हाताचं एक बोट वाकडं झालं होतं. ते आता तसंच राहणार.

युरिक ॲसिड जास्त असणं म्हणजे गाउट नव्हे. जास्त असलेल्या बहुतेकांना गाउट कधीच होत नाही. गाउट नक्की कशाने ओळखायचा हे दाखवलं डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर या दोघांनी, फिलाडेल्फियात, १९६१ मध्ये. सुजलेल्या सांध्यातलं पाणी सुईने काढायचं आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. हे यंत्र दगडांतली खनिजं ओळखायला भूगर्भशास्त्रवाले कधीपासून वापरत होते. त्याखाली युरेटचे स्फटिक सुयांसारखे चमकतात, आणि एका विशिष्ट दिशेला आडवे असले की पिवळे दिसतात. पुढच्याच वर्षी मॅकार्टींनी आणखी एक भानगड उघड केली. काही रुग्णांत हुबेहूब गाउटसारखा झटका येतो, पण स्फटिक वेगळेच, कॅल्शियमचे, आणि त्याच दिशेला ते निळे दिसतात. त्याला नाव पडलं 'स्यूडोगाउट', म्हणजे नकली गाउट.

पण स्फटिक दिसले म्हणून त्यांच्यामुळेच दुखतं हे कशावरून? सूज आधी आणि स्फटिक नंतर असंही असू शकतं. तर मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी काय केलं असेल? युरेटचे स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यात टोचून घेतले. काही तासांत गुडघे टम्म फुगले आणि असह्य वेदना सुरू झाल्या. १९६२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा प्रयोग छापून आला. घरी करून बघू नका, हे वेगळं सांगायला नकोच. पण वर्गात हा किस्सा एकदा ऐकलेला विद्यार्थी 'आधी सांध्यातलं पाणी तपासा' हे जन्मात विसरत नाही, असं एका डॉक्टर मित्राने मला सांगितलं आणि मला ते लगेच पटलं.

आता चित्रांकडे. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात यान डेकेकर नावाचे प्राध्यापक होते. पेशाने रूमॅटॉलॉजिस्ट, पण जुन्या फ्लेमिश चित्रांचा नाद. सन १४०० ते १७०० या काळातल्या चित्रांतले हात ते रुग्णाचे हात तपासावेत तसे बघत बसायचे. या बोटाचा मधला सांधा सुजलाय का? मनगट खाली आलंय का? बोटं करंगळीच्या बाजूला झुकलीत का? १९७७ मध्ये त्यांचा यावरचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. शेजारच्याच ब्रुसेल्समध्ये तिएरी आपेलबूम यांनी चित्रकार रूबेन्सच्या हातांवरून असाच वाद उभा केला. वाद यासाठी की आमवाताचं स्पष्ट वर्णन वैद्यकात पहिल्यांदा मिळतं ते १८०० साली, फ्रान्सच्या लान्द्रे-बोव्हे यांच्या प्रबंधात. मग त्याआधी हा आजार युरोपात होता की नव्हता? चित्रकाराने सुजलेला सांधा रंगवला की हाताला तशी ऐट दिली, हे शेकडो वर्षांनंतर कसं ठरवणार? मला विचाराल तर या वादाचा निकाल लागणं अवघड आहे. पण शिकवायला याच्याइतकी भारी गोष्ट नाही. चित्रासमोर उभं केलेल्या विद्यार्थ्याकडे रिपोर्ट नसतो, एक्स-रे नसतो. बघण्याशिवाय त्याच्याकडे काही उरत नाही.

याच डेकेकर यांच्या गटाने चित्रकार रेन्वारबद्दलही लिहिलं. पन्नाशीच्या आसपास रेन्वारला आमवात सुरू झाला आणि शेवटी बोटं पार मुडपली. त्याच्या हाताला ब्रश बांधत असत अशी दंतकथा आहे. तसं नव्हतं. हाताला गुंडाळलेल्या पट्ट्या कातडीला इजा होऊ नये म्हणून होत्या. ब्रश त्याच्या बोटांत कोणीतरी नीट बसवून द्यायचं आणि मग रंगवायचा तो स्वतःच. मोठा कॅनव्हास हाताच्या टप्प्यात यावा म्हणून रुळांवर फिरेल अशी सोय केली होती. १९१५ ची एक छोटी फिल्म आहे, तिच्यात तो काम करताना दिसतो. शोधून बघा, फोनवर दोन मिनिटांत सापडेल.

लेखकसुद्धा आहेत या मंडळींत. जेरल्ड वाइसमन. जन्म १९३०, व्हिएन्ना. नाझी आले तेव्हा कुटुंब पळून न्यू यॉर्कला गेलं. पुढे न्यू यॉर्क विद्यापीठात अनेक वर्षं त्यांनी या शाखेचा विभाग चालवला. त्यांचे गुरू लुइस थॉमस, तेही डॉक्टर आणि निबंधकार. वाइसमन उन्हाळ्यात वूड्स होल नावाच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत जायचे आणि समुद्री स्पंजाच्या पेशी एकमेकींना कशा चिकटतात ते बघायचे. सांध्यात सूज येते तेव्हा आपल्या पांढऱ्या पेशीही अशाच चिकटतात, म्हणून. 'लायपोसोम' हा शब्द १९६८ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून आला. लायपोसोम म्हणजे चरबीचा सूक्ष्म फुगा, ज्यात औषध भरून पाठवता येतं. कोविडच्या एमआरएनए लशी ज्या चरबीच्या कणांतून दिल्या गेल्या, ते याच कल्पनेच्या पुढच्या पिढीतले. आणि हे सगळं करता करता इतिहास, चित्रकला, विज्ञान एकत्र कालवणारी निबंधांची पुस्तकं त्यांनी लिहिली.

इंग्लंडमधल्या दोघांबद्दल थोडक्यात. एरिक बायवॉटर्स : दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी मूत्रपिंड निकामी होऊन का मरतात, हे त्यांनी १९४१ मध्ये मांडलं. चेंगरलेल्या स्नायूंमुळे होणारा हा प्रकार भूकंपानंतर डॉक्टर आजही आधी शोधतात. हेच बायवॉटर्स पुढे टॅपलो इथल्या रुग्णालयात संधिवात असलेल्या मुलांकडे वळले. तिथे त्यांच्याबरोबर बार्बरा ॲन्सेल होत्या. मुलांनाही संधिवात होतो हे आजही आपल्याकडे अनेक आईवडिलांना खरं वाटत नाही. ॲन्सेल यांनी ब्रिटनमध्ये त्याची स्वतंत्र शाखा उभी केली, आणि मूल नुसतं अंथरुणात ठेवायचं नाही, चालवायचं, शाळेत पाठवायचं, हा आग्रह धरला.

आणि रविंदर मैनी. जन्म १९३७, लुधियाना. बालपण युगांडात, शिक्षण केंब्रिजला. सोबतीला मार्क फेल्डमन, जन्म पोलंडकडच्या ल्वोव्हमध्ये, वाढले ऑस्ट्रेलियात. एक रुग्ण बघणारा, दुसरा पेशी बघणारा. सांध्यातली आग टीएनएफ नावाच्या एका रेणूवर बरीच अवलंबून असते, तोच अडवला तर? १९९२ मध्ये लंडनमध्ये वीस रुग्णांवर त्यांनी हे करून पाहिलं. आज ज्यांना 'बायोलॉजिकल' इंजेक्शनं म्हणतात त्यांची आमवातातली सुरुवात ही. किंमत ऐकली की घाम फुटतो, पण कित्येकांचे हात त्यामुळे वाचलेत.

आता घरी येऊ. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण. तुम्ही तिथे फ्लेमिंगो बघायला आणि मासे खायला गेला असाल. रूमॅटॉलॉजीच्या जगात हे गाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा, लष्करी वैद्यकीय सेवेतून आलेले, यांनी १९९६ मध्ये इथे घरोघर पाहणी सुरू केली. योजनेचं नाव कॉपकॉर्ड, जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून आखलेली. गावात जायचं, स्थानिक स्वयंसेवक तयार करायचे आणि प्रत्येक घरात विचारायचं : दुखतं का, कुठे दुखतं, त्यामुळे काय करता येत नाही? ४,०९२ प्रौढांची पाहणी झाली. त्यातल्या सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचा काही ना काही त्रास होता. आमवात मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बाकी बहुतेकांची कंबर, मान, गुडघे, आणि ज्याला पुस्तकात धड नाव नाही असं अंगभर दुखणं.

हा आकडा साधा वाटेल, पण विद्यार्थी शिकतो तो शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये, आणि तिथे पोचतात ते निवडक, गंभीर रुग्ण. खुरपणी करणारी, डोक्यावर हंडा वाहणारी, चुलीपुढे उकिडवी बसणारी बाई तिथपर्यंत येतच नाही. दुखण्याबद्दल ती कोणाला सांगतही नाही, "कामाने दुखतंय" म्हणते. तिच्या दारात जाऊन विचारलं तरच ती हिशोबात येते.

चोप्रांची दुसरी आवड वादग्रस्त म्हणावी अशी : आयुर्वेद. पण त्यांनी ती श्रद्धेवर सोडली नाही. गुडघ्याच्या झिजेवरची आयुर्वेदिक औषधं त्यांनी ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबसमोर ठेवून पाहिली. कोणाला काय दिलंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही, अशा कडक पद्धतीने. २०१३ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की दुखणं कमी करण्यात ती बरोबरीची ठरली. मात्र काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीत आकडा वाढला आणि औषध थांबवल्यावर खाली आला. हे दोन्ही त्याच लेखात छापलंय. आयुर्वेदवाले पहिलं वाक्य फॉरवर्ड करतात, विरोधक दुसरं. तुम्ही दोन्ही लक्षात ठेवा.

आत्ताच्या शिक्षकांपैकी ज्यांना इंग्रजी जमतं त्यांनी क्लीव्हलँड क्लिनिकचे ॲडम ब्राउन यांचा 'रूमिनेशन्स' पॉडकास्ट ऐकावा. रक्तवाहिन्यांच्या सुजेचे तज्ज्ञ आणि इतिहासाचे शौकीन. एकेका आजाराची गोष्ट ते ज्या रंगात सांगतात, ती ऐकून मलाच थोडी असूया वाटते.

शेवटी तुमच्या कामाचं. हे शिक्षक विद्यार्थ्यांकडून घोटून घेतात ते तीन-चार प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारू शकता. सकाळचा ताठरपणा अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त टिकतो का? बोटांचे छोटे सांधे दोन्ही हातांत सुजतात का? कोणी हात मिळवताना बोटांच्या मुळाशी दाबलं की कळ येते का? आणि वय पंचेचाळिशीच्या आत असताना कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखतेय, पडून राहिल्यावर वाढतेय आणि चालल्यावर सुटतेय का? यांपैकी काहीही 'हो' असेल तर युरिक ॲसिडचा रिपोर्ट घेऊन बसू नका, रूमॅटॉलॉजिस्टला दाखवा. जवळ नसेल तर एमडी मेडिसिनवाल्यांना हेच शब्द सांगा. आणि मेथोट्रेक्सेट नावाची गोळी लिहून दिली असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर वार लिहून घ्या. केमिस्टने "रोज एक" म्हटलं तरी ऐकू नका.

पुढच्या भागात ल्युपस. तुमच्या घरात कोणाला असेल आणि बोलायची तयारी असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही.